सैल हात

माझा डावा खांदा उजव्यापेक्षा वर आहे. ब्लाउज शिवणाऱ्या प्रत्येकाने मला हे सांगितलंय. उल्हासनगरच्या कॅम्प चारमधला सिंधी टेलरमास्तर टेप हातात धरून म्हणाला होता, "दीदी, कंधा थोडा नीचे करो, फिर नाप लेता हूँ." मी म्हटलं, नीचेच आहे. त्याने मला एकदा नीट बघितलं आणि तसंच माप घेतलं.

हा खांदा मला गिटारने दिला. तो खाली कसा आणायचा, हेही मला एकाने शिकवलं होतं. फार मन लावून शिकवलं. त्या शिकवण्याचं पुढे जे झालं ते कितीतरी वर्षं मी वडिलांशिवाय कोणाला सांगितलं नव्हतं.

ऐंशीच्या दशकात आम्ही अंबरनाथला राहायचो. वडील कारखान्यात लेथ मशीनवर होते. बाजूच्या खोलीतलं ख्रिश्चन कुटुंब बदली होऊन गेलं, तेव्हा जाताना त्यांनी त्यांची जुनी गिटार आमच्या दारात ठेवली. लाकडी, पोकळ पोटाची. तारा दांडीपासून इतक्या वर होत्या की मधून पेन्सिल आरपार जावी. अशा तारा दाबायच्या म्हणजे बोटं सोलून निघतात. मला ते माहीत नव्हतं. मला वाटलं, गिटार म्हणजे हे असंच दुखणार.

बारावी आणि टायपिंगच्या परीक्षा झाल्यावर मी एमआयडीसीतल्या एका ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागले, आणि रविवारी उल्हासनगरला गिटारच्या क्लासला जायला लागले. कापडाच्या दुकानावर माडीवर एक खोली होती. शिकवणारे मास्तर गरीब स्वभावाचे होते, पण त्यांच्याकडे सगळ्या दुखण्याला एकच औषध होतं. आवाज फुटला की म्हणायचे, "दाबो." बोट घसरलं की, "और दाबो." मी दाबत गेले. अंगठा दांडीच्या मागून रोवायचा, मनगट मुडपायचं, उजवा हात गिटारच्या पोटाला घट्ट आवळायचा, आणि कॉर्ड, म्हणजे एकत्र दाबलेले तीन-चार सूर, बदलताना श्वास धरायचा. दात तर इतके आवळलेले असायचे की रात्री जेवताना जबडा दुखायचा. आई विचारायची, "गिटार तोंडाने वाजवतेस काय गं?"

त्या क्लासमध्ये एक दिवस ऑर्केस्ट्राचे मालक आले. त्यांना सगळे दादा म्हणायचे. पांढरे बूट, केसांना तेल, आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात. त्यांचा ऑर्केस्ट्रा उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात लग्नं, साखरपुडे, गणपतीची मंडळं, कारखान्यांची स्नेहसंमेलनं करायचा. त्यांनी माझं वाजवणं जेमतेम अर्धं गाणं ऐकलं. मास्तरांना म्हणाले, "मुलगी गिटारवर. आपल्या लाइनीत कोणाकडे नाहीये ही." मग माझ्याकडे वळले. "रिदम गिटार. पुढे उभं राहायचं. येशील?"

मी हो म्हटलं. घरी मात्र सोपं नव्हतं.

वडिलांनी जेवताना ऐकून घेतलं. पाण्याचा तांब्या खाली ठेवला. म्हणाले, "दुसऱ्यांच्या लग्नात वाजवायचं?"

"ऑर्केस्ट्रा आहे, बाबा. स्टेजवर."

"माझा बाप हलगी वाजवायचा. गावात कुणाचंही लग्न असो, मांडवाच्या बाहेर उभा राहून. जेवण सगळ्यात शेवटी, ते पण लांब बसून. छप्पन साली धर्म बदलला त्या दिवशी त्याने हलगी आढ्याला टांगली, ती पुन्हा काढली नाही. आपण हे कशासाठी सोडलं, याचा जरा विचार कर."

मी म्हटलं, "आजोबांना वाजवावंच लागायचं. मला वाजवायचंय."

हे वाक्य मला तेव्हा फार हुशारीचं वाटलं होतं. वडील ताट उचलून उठले. पण पहिल्या कार्यक्रमाला जाताना माझी गिटार रिक्षापर्यंत त्यांनीच उचलून आणली.

पहिला कार्यक्रम कॅम्प पाचमधल्या एका साखरपुड्याचा होता. लाल पडदे, झिरमिळ्या, समोर खुर्च्यांवर माणसंच माणसं. दादांनी मला बरोब्बर मध्ये उभं केलं, गायकाच्या जरासं मागे. चमकीचा पंजाबी ड्रेस त्यांनीच आणून दिला होता. गिटारचा आवाज स्पीकरवर जावा म्हणून तिला पिकअप बसवून घेतला होता, त्याची वायरसुद्धा त्यांनी स्वतःच्या हाताने लावली. "तू वाजव, बाकी मी बघतो," म्हणाले. पुढेही प्रत्येक कार्यक्रमात माझी वायर तेच लावायचे. मला त्याचं कौतुक वाटायचं, मालक असून वाकून वायरी लावतात म्हणून.

त्या दिवशी मी काठीसारखी उभी होते. समोरच्या रांगेतले पुरुष माझ्या हाताकडे बघत नव्हते. मला ते कळत होतं, आणि कळलं की खांदे आपोआप वर जात होते, जणू मान झाकून घ्यायची आहे. डाव्या हाताच्या बोटांना मुंग्या आल्या. तिसऱ्या गाण्यात अंगठ्याच्या मुळाशी वात आला आणि कॉर्ड बदलायला मला उशीर झाला. तसा उशीर त्या दिवशी बऱ्याचदा झाला. दादा बाजूने दात दाखवत म्हणत होते, "हस की जरा. हल. पुतळा आहेस का?"

कार्यक्रम संपल्यावर मला हात उघडता येईना. मी पडद्यामागे एका लोखंडी खुर्चीवर बसून डाव्या हाताची बोटं उजव्या हाताने एकेक करून सरळ करत होते. तिथे तो आला.

तो म्हणजे आमचा लीड गिटारवाला, गाण्यामधले सुरांचे तुकडे वाजवणारा; मी रिदम, म्हणजे नुसत्या साथीच्या कॉर्ड. बदलापूर गावातला. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा, सडपातळ, आवाज खालच्या पट्टीतला. दिवसा एका केमिकल कंपनीत शिफ्टला जायचा. स्टेजवर तो मागच्या बाजूला, ड्रमच्या शेजारी स्टुलावर बसून इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा.

"मला पण व्हायचं असं," तो म्हणाला. "कोपरापासून आग होते ना?"

मी मान हलवली.

"तू गिटार वाजवत नाहीयेस, तिच्याशी मारामारी करतेयस. रविवारी प्रॅक्टिसच्या आधी लवकर येशील का? दाखवतो."

प्रॅक्टिसची जागा फर्निचरच्या बाजारामागे होती. पत्र्याची शेड, बाजूला पॉलिशचा वास, अधूनमधून करवत चालू. मी लवकर जायला लागले. तो आधीच आलेला असायचा.

पहिल्या रविवारी त्याने मला गिटार हातात घेऊच दिली नाही. म्हणाला, दोन्ही हात लटकव, मेल्यासारखे. मला वाटलं मी लटकवलेत. त्याने माझा हात मनगटाजवळ धरून वर नेला आणि एकदम सोडून दिला. हात तिथेच हवेत राहिला.

"बघ," तो हसला. "मी सोडला तरी तू धरून ठेवलायस."

खरं सांगायचं तर माझ्या अंगाबद्दल असं कोणी तोवर काही बोललंच नव्हतं. नीट बस, ओढणी नीट घे, जोरात चालू नको, हे सगळं ऐकलेलं. पण तू स्वतःला धरून ठेवलंयस, हे कोणी म्हटलं नव्हतं. तो हात खाली पडायला कितीतरी रविवार गेले. पडला तेव्हा मांडीवर धपकन आपटला आणि आम्ही दोघंही खूप हसलो.

मग त्याने माझ्या गिटारच्या तारा खाली आणल्या. गिटारच्या पोटावर तारा जिच्यावर टेकतात ती हाडाची पट्टी काढून कानशीने घासली, बसवून बघितली, पुन्हा घासली. पट्टा आखूड केला, म्हणजे गिटार आपोआप छातीशी राहील आणि ती सावरायला हात लागणार नाही. आणि मग त्याने मला ती गोष्ट शिकवली, जी मी अजूनही सगळ्यात महत्त्वाची मानते. तारेवर बोट नुसतं ठेवायचं. दाबायचं नाही. दुसऱ्या हाताने तार छेडायची. आवाज येतो तो बद्द, कापडात गुंडाळल्यासारखा. आता अगदी थोडं दाबायचं. थरथर ऐकू येते. अजून जरासं. आणि एका जागी आवाज स्वच्छ होतो. "इथे थांब," तो म्हणायचा. "इथून पुढे जेवढा जोर लावशील तो सगळा फुकट. त्याचा सूर होत नाही, नुसतं दुखणं होतं."

अंगठा दांडीवरून पूर्ण काढून वाजवायला त्याने मला लावलं. हाताचं वजन खाली पडू दे, तेवढं पुरतं. कॉर्ड बदलताना श्वास सोडायचा, धरायचा नाही. जीभ टाळूला चिकटलेली नको. गुडघे ताठ नकोत. गाण्याच्या दोन कडव्यांमध्ये खांदे एकदा कानापर्यंत उचलायचे आणि टाकून द्यायचे. मी ऑफिसात टाइप करतानाही हे करायला लागले. साहेबांनी विचारलं, "बाई, काही अडचण आहे का?"

"जबडा," तो मध्येच म्हणायचा, आणि मी दात सोडायचे. "भुवया," म्हणायचा. भुवईचा आणि गिटारचा काय संबंध, पण भुवई सैल झाली की मनगटही व्हायचं. तो मला कधी नको तिथे शिवला नाही. हे मी मुद्दाम सांगते. त्याबाबतीत तो चांगला माणूस होता, आणि म्हणूनच मला पुढचं जास्त लागलं.

माझ्या मनात त्याच्याविषयी काय होतं? होतं. आई स्थळं बघत होती आणि मी प्रत्येकात काहीतरी खोट काढत होते. तो जातीबाहेरचा होता, मी बोलले नव्हते, तो बोलला नव्हता. पण कार्यक्रम संपला की तो वायरी गुंडाळता गुंडाळता म्हणायचा, "आज काय सुंदर वाजवलंस." ते वाक्य मी घरी घेऊन जायचे आणि आठवडाभर पुरवायचे.

वर्ष उलटून गेलं. हात दुखायचा थांबला. माणसं समोर बसलेली असली तरी खांदे खाली राहायला लागले. मी हलायला लागले, कोणी न सांगता. बदलापूरच्या एका शाळेच्या मैदानावर, एमआयडीसीतल्या कॅन्टीनमध्ये, कॅम्प तीनमधल्या गणपतीपुढे, मी वाजवत असले की मला माझं शरीर आहे हेच जाणवायचं नाही. गिटारचं पोट माझ्या पोटाशी घुमायचं आणि तोच सूर पुढच्या मोठ्या स्पीकरमधून माणसांवर जायचा. स्पीकरची तोंडं लोकांकडे असायची. आम्हाला त्यांची पाठ. आम्हाला आवाज यायचा तो हॉलला धडकून परत आलेला. तरी गिटार ऐकू यायची. मला वाटायचं, ही मी.

लीडचा तुकडा आला की रिदम अंमळ नाहीशी व्हायची. मला वाटायचं, साउंडवाला मुद्दाम माझा आवाज खाली घेतोय, लीड उठून दिसावी म्हणून. मी कधी विचारलंही नाही.

तो कार्यक्रम बदलापूरलाच होता, एका मंगल कार्यालयात. दुपारचं लग्न. पंगती उठत होत्या, मठ्ठ्याचा वास, पोरांची पळापळ, आणि आम्ही एका कोपऱ्यातल्या स्टेजवर. मी इतकी निवांत होते की मला एक गंमत सुचली. इथेच तो व्यायाम करून बघू. सगळ्यात कमी जोर. एका संथ गाण्यात मी डाव्या हाताचा दाब कमी करत गेले. अजून कमी. अजून. कुठे आवाज फुटतो ते बघायचं आणि लगेच सावरायचं, एवढाच खेळ होता.

माझ्या पोटाशी गिटार बद्द झाली. मला स्पष्ट कळलं. बोटं तारांवर नुसती ठेवलेली होती.

आणि हॉलमधून परत येणारी गिटार स्वच्छ वाजत होती. भरलेली, पूर्ण कॉर्ड.

मला आधी काही समजलंच नाही. मी बोटं आणखी सैल केली. मग तारांवरून उचलली. मग उजवा हातसुद्धा थांबवला, नुसता तारांवर ठेवला. कॉर्ड वाजत राहिली. बदलली. बरोबर जागी बदलली. मी कॉर्डच्या कॉर्ड सोडून दिल्या आणि एकही पडली नाही.

मी मागे वळले. तो स्टुलावर बसून रिदम वाजवत होता. नजर खाली, स्वतःच्या बोटांवर. मग त्याने वर बघितलं, मला त्याच्याकडे बघताना पाहिलं, आणि त्याचा चेहरा पडला. हात मात्र थांबला नाही. गाणं चालू होतं ना.

गाणं संपलं. गायक पुढच्या गाण्याची माहिती देत होता. मी खाली वाकून माझी वायर हातात घेतली आणि ओढत गेले. ती सतरंजीखालून जात होती, साउंडवाल्याच्या मिक्सरच्या दिशेने. पण मिक्सरपर्यंत पोचत नव्हती. स्पीकरच्या मोकळ्या खोक्यामागे तिचं दुसरं टोक पडलेलं होतं. नीट वेटोळं करून, रबर लावून.

त्या रबराने मला जेवढं दुखावलं तेवढं कशानेच नाही. विसरलेली वायर अशी नसते.

मी उरलेला कार्यक्रम तिथेच उभी राहून हात हलवत पूर्ण केला. का केला, मला सांगता येत नाही. दादा बाजूने अंगठा दाखवत होते, छान चाललंय म्हणून.

नंतर सामान टेम्पोत चढत असताना मी दादांना गाठलं. "माझी वायर लावलेली नव्हती."

"अच्छा? राहिली असेल आज."

"आज नाही. कधीच नव्हती."

त्यांनी आजूबाजूला बघितलं आणि मग खांद्यावर हात ठेवून समजुतीच्या सुरात बोलायला लागले. "हे बघ. तू पहिल्यांदा आलीस तेव्हा किती ताठ होतीस? चेंज लेट, हात थरथर. मी आपल्या लीडवाल्याला म्हटलं, तू कव्हर कर. तेव्हा तसं करणं भाग होतं. पुढे ते तसंच चालू राहिलं."

"आता मी नीट वाजवते. या वर्षभरात तुम्ही एकदा तरी ऐकलंत?"

"अगं, लोक तुला बघतात. ऐकायला कोण बसलंय? बसलेली सिस्टीम आहे, कशाला हात लावायचा? आणि आता तू काय मस्त दिसतेस स्टेजवर, मोकळी, हलतेस-बिलतेस. मी याला सांगितलंच होतं, हिला जरा सैल कर म्हणून."

तो दोन पावलांवर उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं. "यांनी सांगितलं म्हणून शिकवलंत?"

"नाही," तो म्हणाला. "म्हणजे, ते बोलले होते. पण मी त्यांच्यासाठी नाही शिकवलं. तू तयार झालीस की वायर लावू, असं मी म्हणणार होतो."

"म्हणालात?"

"दोनदा विषय काढला."

"आणि 'आज काय सुंदर वाजवलंस'? ते कोणाला म्हणत होतात? स्वतःला?"

टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.

मी दादांना म्हटलं, पुढच्या कार्यक्रमाला माझी वायर माझ्यासमोर लागली पाहिजे, नाहीतर मी येणार नाही. ते लगेच हो म्हणाले. इतक्या लगेच, की मला आणखीच राग आला. एवढंच मागायचं होतं तर.

पुढचा कार्यक्रम कॅम्प पाचमध्ये होता. वायर मी स्वतः लावली. साउंडवाल्याने बटण वर केलं, मी एक कॉर्ड छेडली, आणि ती हॉलभर पसरली. माझी. पहिल्यांदा. केवढी मोठी वाटली ती. आणि त्याच क्षणी माझे खांदे वर गेले.

मी श्वास सोडला. जबडा सोडला. गुडघे सोडले. शिकलेलं सगळं एकेक करून आठवलं. काही उपयोग झाला नाही. प्रत्येक कॉर्डला मला वाटत होतं, आता ऐकतायत, आता चुकेल. अंगठा दांडीत रुतला. दुसऱ्या गाण्यात बोटं वळली, तिसऱ्यात चेंज उशिरा झाला. गायकाने मान वळवून बघितलं. मागे तो काहीच वाजवत नव्हता, हात मांडीवर ठेवून बसला होता, माझ्यासाठी जागा सोडून. त्याने त्या दिवशी तेवढं केलं. आणि ते मला सगळ्यात नको होतं. मध्यंतरानंतर मी बघितलं तर साउंडवाल्याने माझं बटण पुन्हा खाली केलेलं होतं, आणि मागून रिदम सुरू झाली होती.

दादा कार्यक्रमानंतर रागावले नाहीत. अगदी मायेने म्हणाले, "बघितलंस ना? म्हणूनच."

मी गिटार पिशवीत घातली आणि घरी आले. पुन्हा गेले नाही. तो दोन रविवार आमच्या चाळीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला, असं शेजारची मुलगी सांगायची. मी बाहेर आले नाही.

वडिलांना मी बरेच दिवस काही सांगितलं नाही. ते विचारायचे, कार्यक्रम नाही का हल्ली? मी म्हणायचे, सीझन नाही. शेवटी एका संध्याकाळी सांगितलं सगळं. त्यांनी मला मध्ये तोडलं नाही. मला वाटलं होतं ते म्हणतील, मी तुला आधीच सांगत होतो. ते म्हणाले, "म्हणजे तू उभी राहायचीस, आणि आवाज त्याचा."

"हो."

ते हातातली टॉवेलची घडी उलगडत, घालत बसले. मग म्हणाले, "माझ्या बापाला बाहेर उभं केलं होतं. पण हलगी त्याचीच वाजायची. अख्ख्या गावाला ऐकू जायची." आणि उठून चप्पल घालून फिरायला गेले. हे त्यांनी मला दुखवायला म्हटलं नाही. पण त्याच्याइतकं खरं मला कोणी काही बोललेलं नाही.

नव्वदीच्या सुरुवातीला माझं लग्न झालं आणि मी बदलापूरला, बेलवलीत आले. नवरा ठाण्याला ऑफिसात. माणूस सरळ. त्याला मी सांगितलं होतं की मी पूर्वी ऑर्केस्ट्रात वाजवायचे, आणि तो पाहुण्यांना ते अभिमानाने सांगायचा. मी आत जाऊन चहा टाकायचे. पाहुणे गेल्यावर कधीतरी दार लावून गिटार काढायचे. तेव्हा हात सैल असायचा, अगदी तो सांगायचा तसा. घरात दुसरं माणूस आलं की खांदा वर. नवऱ्याच्या चाव्यांचा आवाज आला तरी वर. तो बिचारा म्हणायचा, वाजव ना, थांबलीस का. त्याला काय सांगणार?

लग्नाला पंधरा-सोळा वर्षं झाल्यावर, एका सुट्टीच्या सकाळी मी स्टेशनजवळ भाजी घेत होते. मागून आवाज आला, "ओळखलंस का?" आवाज खालच्या पट्टीतला. वळले. केस विरळ झालेले, पोट सुटलेलं, हातात मेथीची जुडी.

मी म्हटलं, "ओळखलं."

तो आपणहून सांगत गेला. ऑर्केस्ट्रा बंद पडल्यात जमा होता. आता सगळं कीबोर्डवर. गिटारचा आवाजसुद्धा कीबोर्डमधूनच काढतात, दादांनी त्याला दोन वर्षांपूर्वीच थांबवलं. "मी मागे बसलेलो असायचो," तो हसून म्हणाला, "त्यामुळे मी नाही हे लोकांना कळलंच नाही."

मला बरं वाटलं. ते लपवण्यात अर्थ नाही. भर बाजारात उभी राहून मला मनापासून बरं वाटलं.

मग तो म्हणाला, "एक सांगू? तुझा हात फार चांगला झाला होता गं. शेवटी शेवटी तर माझ्यापेक्षा चांगला."

"तुम्हाला काय माहीत? कोणी ऐकला तो?"

"मी. मी तुझ्या मागे दोन हातांवर बसायचो. तुझ्या गिटारच्या पोटाचा आवाज मला यायचा. फक्त मलाच यायचा. मी तुझ्या हातावरून माझा हात चालवायचो कित्येकदा."

मी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "मग तेव्हा बोलला का नाहीत?"

तो खरं बोलला, एवढं मात्र मी म्हणेन. "तुझी वायर लागली असती तर दादांना दोन गिटारवाले कशाला लागले असते? तू पुढे दिसायचीस. गेलो असतो मीच."

भाजीवाली आमच्यामधून हात घालून टोमॅटो रचत होती. मला वाटलं संपलं बोलणं. मी निघाले. तो मागे आला.

"माझी मुलगी शिकतेय. तेरा वर्षांची आहे. तिचं अगदी तुझ्यासारखं होतं. खांदे वर, श्वास बंद, रडते हात दुखला की. मी सांगतो ते ऐकत नाही, बापाचं कोण ऐकतं? तू शिकवशील तिला? गावातच राहतो आम्ही अजून. तुला हे सगळं ठाऊक आहे, आतून. दुसरं कोण शिकवणार?"

ते खरं होतं. त्या मुलीचा अंगठा कुठे रुतत असेल, दात कधी आवळत असतील, हे मी तिला न बघता सांगू शकले असते. पहिल्या दिवशी काय करायचं, तेही मनात येऊन गेलं. तिचा हात मनगटाजवळ धरायचा, वर न्यायचा आणि सोडून द्यायचा.

"नाही," मी म्हटलं.

"वेळ नसेल तर रविवारी..."

"वेळ आहे. पण नाही."

त्याने मेथीची जुडी काखेत धरली. मग मान हलवली आणि बदलापूर गावाच्या रिक्षांकडे गेला.

घरी येऊन मी नवऱ्याला पहिल्यांदाच सगळं सांगितलं, वायरीपासून. त्याने नीट ऐकून घेतलं, मध्ये दादांना एक शिवीही घातली. शेवटी म्हणाला, "पण त्या पोरीचा काय दोष?"

मी म्हटलं, काहीच नाही. आणि मेथी आणायची राहिली होती, म्हणून त्याला पिशवी देऊन बाजारात पाठवलं.